कुंपणाआधीचा खेळ

चेंडू कुणी वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन पडला, तर काय करायचं? स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या गोल्फपटूंना एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न खरोखर पडत असे आणि त्याचं उत्तर त्यांच्या स्थानिक नियमांत रीतसर नोंदवलेलं होतं. कपडे चेंडूखालून ओढून घ्यावेत. धुण्याचा टब काठीभर अंतराच्या आत असेल, तर तो उचलून बाजूला ठेवावा. मग खेळ पुढे चालू. धुणं धुणाऱ्या बाईला तिथून उठवावं, असं मात्र नियमात कुठेही नव्हतं. गावाच्या त्या जमिनीवर धुणं वाळत घालायची गावकऱ्यांची वहिवाट होती, तशी गोल्फ खेळायचीही होती. दोघांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं, एवढंच.

आज गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते फाटकावरचा पहारेकरी, सभासदत्वाची लांबलचक प्रतीक्षायादी, पांढऱ्या टोप्या आणि मंत्री-उद्योगपतींच्या गप्पा. ‘गोल्फ व्ह्यू’ असं नाव दिलं की इमारतीतल्या फ्लॅटचा भाव वाढतो, इतकी ही प्रतिमा पक्की झाली आहे. पण या खेळाच्या पाचशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात कुंपण बऱ्याच उशिरा येतं. म्हणून हा इतिहास वाचताना काठी आणि चेंडूपेक्षा जमिनीकडे लक्ष ठेवलेलं बरं. जमीन कुणाची होती, तिच्यावर कोण वावरत होतं आणि तिच्याभोवती भिंत कधी आली, हे पाहत गेलं की गोल्फ समजायला लागतो.

नांगर न लागलेली पट्टी

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, समुद्र आणि शेतजमीन यांच्या मध्ये, वाळूची एक उंचसखल पट्टी पसरलेली आहे. तिला ‘लिंक्स’ म्हणतात. समुद्र मागे हटला, वाऱ्याने वाळूच्या टेकड्या रचल्या, पक्ष्यांच्या विष्ठेने आणि कुजलेल्या पाल्याने त्यांवर थोडी माती धरली आणि बारीक, चिवट गवत उगवलं. पिकाला ही जमीन निरुपयोगी. पण पाऊस पडला की पाणी क्षणात झिरपून जातं, चिखल होत नाही, आणि गवत मेंढ्या-ससे खाऊन आपोआप आखूड ठेवतात. थंडीच्या वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या जिथे अंग चोरून बसत, तिथलं गवत झिजून खाली वाळूचे खड्डे पडत. आजच्या गोल्फ मैदानावर यंत्रं लावून, पैसे ओतून जे बंकर खणले जातात, त्यांचे पूर्वज हे असे.

आपल्याकडच्या गायरानासारखीच ही जमीन. मालकी कागदावर राजाची, धर्मपीठाची किंवा नगराची. वहिवाट साऱ्या गावाची. इथे गुरं चरत, मासेमार जाळी सुकवत, शिपाई कवायत करत, पोरं हुंदडत. आणि हिवाळ्यात, गवत सर्वांत आखूड असताना, हातात वाकड्या काठ्या घेतलेली माणसं एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्याकडे चेंडू मारत निघत.

काठीने चेंडू मारण्याचे खेळ इतरत्रही होते. चीनमध्ये ‘चुइवान’ नावाचा खेळ होता; त्याचे नियम आणि शिष्टाचार सांगणारा ग्रंथ १२८२ सालचा आहे, आणि मिंग सम्राट शुआंदे काठी घेऊन जमिनीतल्या खड्ड्यांत चेंडू घालतो आहे असं चित्रही उपलब्ध आहे. हॉलंड आणि फ्लँडर्समध्ये ‘कोल्फ’ खेळत. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी गोठलेल्या कालव्यांची जी चित्रं काढली, त्यांत बर्फावर काठी टेकून उभे असलेले कोल्फपटू हमखास सापडतात. स्कॉटलंड आणि हॉलंड यांच्यात उत्तर समुद्रातून भरपूर व्यापार चाले, तेव्हा खेळाची देवाणघेवाण झाली असणार हे उघड आहे. नेमकी कुणाकडून कुणाकडे, यावर अभ्यासक अजून भांडतात. मात्र दूरदूरच्या होलांची एक माळ ठरवून, प्रत्येकाने आपलाच चेंडू खेळत ती पुरी करायची, या रूपात खेळ रुजला आणि टिकला तो स्कॉटलंडच्या वाळूत.

राजाची बंदी, राजाचीच खरेदी

गोल्फचा स्कॉटलंडमधला पहिला लेखी उल्लेख हा बंदीचा हुकूम आहे. १४५७ साली दुसऱ्या जेम्स राजाच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ दोन्ही बंद करावेत असं फर्मावलं. कारण इंग्लंड. शेजारचं बलाढ्य राज्य कधी चाल करून येईल याचा नेम नव्हता, इंग्रजांचे तिरंदाज कर्दनकाळ होते, आणि स्कॉटिश तरुण धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावत होते. १४७१ मध्ये तिसऱ्या जेम्सने आणि १४९१ मध्ये चौथ्या जेम्सने बंदीचा पुनरुच्चार केला. एकच हुकूम तीन राजांना काढावा लागतो, तेव्हा तो कुणी पाळत नव्हतं हे वेगळं सांगायला नको. आणि राज्याच्या संरक्षणाला धोका वाटावा इतके लोक खेळत होते, म्हणजे तो मूठभर सरदारांचा छंद नव्हता.

१५०२ साली इंग्लंडशी तह झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये राजाच्या खजिनदाराच्या हिशेबवहीत एक नोंद आली: पर्थ गावच्या धनुष्य करणाऱ्या कारागिराला काठ्यांसाठी १४ शिलिंग. गिऱ्हाईक होता स्वतः चौथा जेम्स. ज्याने तिरंदाजीपायी गोल्फ बंद केला होता, त्यानेच धनुष्यवाल्याकडून गोल्फच्या काठ्या करून घेतल्या. कारागिराच्या दृष्टीने यात विसंगती काहीच नव्हती. न मोडता लवणारं लाकूड ओळखायचं कसब दोन्हीकडे सारखंच लागतं.

पुढे स्कॉट्सची राणी मेरी हिच्यावर, नवरा डार्नली याचा १५६७ मध्ये खून झाल्यानंतर थोड्याच दिवसांत ती गोल्फ खेळताना दिसली, असा आरोप तिच्या शत्रूंनी केला. दुखवट्यात खेळलीस कशी, हा मुद्दा होता. बाईने खेळावंच कसं, हा नव्हता. १६१८ साली सहाव्या जेम्सने जेम्स मेल्व्हिल नावाच्या माणसाला चेंडू बनवण्याचा मक्ता दिला. हॉलंडहून चेंडू आणण्यात देशाचं सोनं-चांदी बाहेर जातं, हे त्याचं कारण हुकुमातच दिलं आहे. आयात रोखा आणि देशी माल वापरा, हा युक्तिवाद किती जुना आहे पाहा.

जमिनीच्या दृष्टीने मात्र या सगळ्या राजेरजवाड्यांपेक्षा महत्त्वाचा दस्तऐवज आहे तो १५५२ सालचा. सेंट अँड्र्यूजचे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना तिथल्या लिंक्सवर ससे पाळायचे होते. त्यासाठी त्यांनी गावाची परवानगी घेतली आणि बदल्यात लिहून दिलं की या जमिनीवर गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी वगैरे खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क अबाधित राहील. अडीचशे वर्षांनी हाच मुद्दा कोर्टात गेला.

लीथचे तेरा नियम

खेळ तीनशे वर्षं लेखी नियमांवाचून चालला. गावोगावची पद्धत वेगळी, होलांची संख्या वेगळी. नियम लिहिण्याची वेळ आली ती बक्षीस लागलं तेव्हा. एडिनबर्गच्या नगरपालिकेने १७४४ साली लीथ बंदराजवळच्या लिंक्सवर होणाऱ्या स्पर्धेसाठी चांदीची काठी द्यायचं कबूल केलं. स्पर्धा सर्वांना खुली ठेवायची, तर बाहेरून येणाऱ्याला आपले रिवाज कसे कळणार? म्हणून तिथल्या खेळाडूंनी १३ नियम लिहून काढले. गोल्फचे हे सर्वांत जुने उपलब्ध नियम. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्या खेळाडूंच्या मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत ते आजही पाहायला मिळतात.

ते वाचताना मैदानावरची गर्दी दिसायला लागते. चेंडू कुणा माणसाला, घोड्याला किंवा कुत्र्याला लागून थांबला, तर जिथे थांबला तिथूनच खेळायचा. विद्यार्थ्यांनी खणलेले खड्डे आणि शिपायांनी केलेले चर यांना अडथळा मानायचं नाही. पुढचा चेंडू होलापासून काठीभर अंतराच्या आतच ठेवायचा. म्हणजे आपण ज्याला आज ‘ग्रीन’ म्हणतो, ती खास जपलेली हिरवळ नव्हतीच. होलाच्या काठावरच पुढचा पहिला फटका. शिवाय लीथला होल होते फक्त पाच.

त्या वर्षीची काठी जिंकली जॉन रॅट्रे या शल्यवैद्याने. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये पदच्युत राजघराण्याच्या बाजूचं जेकोबाइट बंड झालं आणि हे डॉक्टर बंडखोर राजपुत्र चार्ल्सच्या सैन्यात वैद्य म्हणून गेले. १७४६ मध्ये कलोडनच्या माळावर त्या सैन्याचा धुव्वा उडाला, रॅट्रे पकडले गेले. त्यांच्या बाजूने रदबदली केली ती स्कॉटलंडचे मुख्य न्यायाधीश डंकन फोर्ब्स यांनी. फोर्ब्स सरकारपक्षाचे खंदे समर्थक. पण लीथच्या मैदानावरचे रॅट्रेंचे सवंगडी. डॉक्टर सुटले आणि १७५१ मध्ये त्यांनी पुन्हा तीच काठी जिंकली.

ससे, कोर्ट आणि अठरा होल

सेंट अँड्र्यूजला १७५४ साली २२ सरदार-जमीनदारांनी आपलं मंडळ काढलं. १८३४ मध्ये चौथ्या विल्यम राजाने त्याला आश्रय दिला आणि ते ‘रॉयल अँड एन्शंट’ झालं. तिथला खेळ असा होता की समुद्रकाठाने सरळ बाहेर जायचं आणि त्याच होलांवरून उलट परतायचं. जाताना ११, येताना ११. एकूण फेरी २२ होलांची. १७६४ मध्ये खेळाडूंना वाटलं, सुरुवातीचे चार होल फारच तोकडे आहेत. त्यांनी त्या चारांचे दोन केले. जाताना ९, येताना ९, बेरीज १८. आज जगभर पवित्र मानल्या गेलेल्या आकड्याचं मूळ एवढंच. पुढे नियम करण्याचा अधिकार याच मंडळाकडे आला, म्हणून त्यांची संख्या सर्वांची झाली. होलाच्या व्यासाचंही तसंच. मसलबरा इथे १८२९ साली होल पाडायचं एक हत्यार केलं होतं. त्याचा व्यास सव्वाचार इंच. १८९१ मध्ये ‘रॉयल अँड एन्शंट’ने तोच प्रमाण ठरवला. आजही गोल्फचा होल १०८ मिलिमीटरचाच असतो.

पण त्याआधी जमीनच हातची जायची वेळ आली होती. १७९७ मध्ये सेंट अँड्र्यूजची नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने लिंक्स विकायला काढली. ती शेवटी डेम्पस्टर या व्यापारी घराण्याकडे गेली. त्यांनी मांसासाठी आणि कातडीसाठी तिथे ससे सोडले. ससे बिळं करतात, आणि बिळांनी पोखरलेल्या जमिनीवर गोल्फ खेळता येत नाही. गावकरी ससे मारायला लागले, मालक अंगावर धावून जायला लागले, हाणामाऱ्या झाल्या, खटले झाले. १५५२ सालच्या कागदात गावाला खेळायचा हक्क आहे आणि ससे पाळायचीही मुभा आहे. मग वरचढ काय, यावर वकिलांची घरं चालली. १८२१ साली जेम्स चीप या गोल्फवेड्या जमीनदाराने ती जमीन विकत घेतली आणि ससे हटले. अखेर १८९४ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून लिंक्स पुन्हा नगराच्या ताब्यात दिली.

गोल्फची पंढरी समजलं जाणारं ‘ओल्ड कोर्स’ हे मैदान तेव्हापासून सार्वजनिक आहे. रॉयल अँड एन्शंटची भारदस्त इमारत त्याच्या तोंडाशी उभी आहे. पण मैदान त्या क्लबच्या मालकीचं नाही. ते एक सार्वजनिक न्यास चालवतो. खेळायला जागा मिळावी म्हणून जगभरचे लोक सोडतीत नाव घालतात. रविवारी मात्र तिथे एरवी खेळ बंद असतो. त्या दिवशी गावातली माणसं कुत्री घेऊन, मुलांना घेऊन त्याच प्रसिद्ध हिरवळीवरून फिरायला जातात.

पिसांचा गोळा आणि विष्णूची मूर्ती

मैदान फुकट होतं, तरी एक गोष्ट महाग होती: चेंडू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चांगला चेंडू म्हणजे पिसं भरलेला चेंडू. तुरटीच्या पाण्यात भिजवलेल्या चामड्याचे दोन-तीन तुकडे शिवून पिशवी करायची, बोटभर फट ठेवून ती उलटवायची आणि उकडलेली हंसाची पिसं त्या फटीतून आत कोंबायची. उंच टोपी भरून पिसं एका चेंडूत जात. हाताने जोर पुरत नसे, म्हणून कारागीर लोखंडी सळईची मूठ छातीला लावून सगळा भार टाकत. मग फट शिवायची. वाळताना चामडं आकसतं आणि पिसं फुगतात. दोन्हींच्या रेट्याने गोळा दगडासारखा कडक होतो. वर ठोकून गोलाई आणायची, पांढरा रंग द्यायचा. इतकं करून एक माणूस दिवसाला तीन-चार चेंडू करणार, आणि पिसांची भुकटी त्याच्या छातीत जाणार ती वेगळीच. पावसात शिवण उसवली की खेळ खलास. एक चेंडू काठीपेक्षाही महाग पडे.

या धंद्याचा राजा होता सेंट अँड्र्यूजचा ॲलन रॉबर्टसन. त्याच्या कारखान्यात १८४४ साली २,४५६ चेंडू तयार झाले. म्हणायला कारखाना, प्रत्यक्षात घराचं स्वयंपाकघर. हाताखाली टॉम मॉरिस नावाचा उमेदवार. आणि मग १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडाचा चीक येऊन धडकला.

गटापर्चा हे त्या चिकाचं नाव. गरम पाण्यात मऊ होतो, हाताने हवा तसा वळता येतो, गार झाला की टणक. त्याचा चेंडू पहिल्यांदा कुणी केला याची आख्यायिका आपल्याला रस वाटेल अशी आहे. रॉबर्ट पॅटरसन या सेंट अँड्र्यूजच्या विद्यार्थ्याच्या घरी पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली होती. फुटू नये म्हणून ती गटापर्चाच्या तुकड्यांत बांधली होती, आणि त्या तुकड्यांतून त्याने चेंडू वळला. गोष्ट खरी असो की रचलेली, चीक आला तो साम्राज्याच्या जहाजांतूनच. समुद्राखालच्या तारायंत्राच्या तारांवरही त्याचंच आवरण असे. १८७० मध्ये मुंबई लंडनला तारेने जोडली गेली ती याच चिकाच्या भरवशावर.

गटापर्चाचा चेंडू शिलिंगभरात मिळे, भिजला तरी चाले आणि फुटला तर वितळवून पुन्हा वळता येई. रॉबर्टसनने धसका घेतला. मिळतील ते नवे चेंडू विकत घेऊन तो जाळून टाकी, आणि त्याने टॉम मॉरिसकडून ते कधीही न वापरण्याचं वचन घेतलं होतं. एकदा खेळता खेळता टॉमचे चेंडू संपले, सोबत्याने आपला गटापर्चाचा दिला, टॉम त्याने खेळला आणि समोरून रॉबर्टसन आला. तिथेच दोघांचं बिनसलं. टॉमने १८५१ मध्ये प्रेस्टविक गावची वाट धरली. रॉबर्टसनलाही पुढे नव्या चेंडूपुढे मान तुकवावीच लागली.

नव्या चेंडूत एक गंमत होती. कोरा, गुळगुळीत असताना तो लवकर खाली येई. काठीचे घाव बसून खरबरीत झाला की लांब जाई. कारागीर मग हातोडीने मुद्दाम खाचा पाडायला लागले. यामागचं शास्त्र असं की खडबडीत पृष्ठभागामुळे चेंडूलगतचा हवेचा पातळ थर घुसळला जातो आणि चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो. मागे ओढणारी पोकळी लहान होते. एडिनबर्गचे पदार्थवैज्ञानिक पीटर गथ्री टेट यांनी चेंडूच्या उलट्या फिरकीवर काम करून दाखवलं की ही फिरकी त्याला हवेत उचलून धरते. त्यांचा मुलगा फ्रेडी दोनदा ब्रिटनचा हौशी विजेता झाला. पुढे अमेरिकेत कोबर्न हॅस्केलने १८९८ मध्ये रबराचा धागा ताणून गुंडाळलेला चेंडू आणला आणि १९०५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम टेलरने आजच्या खळग्यांचं पेटंट मागितलं.

भिंत येते

चेंडू स्वस्त झाला, आगगाडी समुद्रकाठच्या गावांपर्यंत पोचली आणि खेळणारे वाढले. रॉबर्टसन १८५९ मध्ये वारला. त्याच्यामागे सर्वोत्तम कोण, हे ठरवायला १८६० च्या ऑक्टोबरमध्ये प्रेस्टविकला आठ धंदेवाईक खेळाडू जमले. मैदान १२ होलांचं. एका दिवसात तीन फेऱ्या. विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला, टॉम मॉरिस दोन फटक्यांनी मागे राहिला. आजची ‘ओपन’ स्पर्धा ती हीच. टॉमचं सांत्वन त्याच्या मुलाने केलं. धाकटा टॉम १८६८, १८६९, १८७० अशी तीन वर्षं जिंकला आणि नियमाप्रमाणे लाल चामड्याचा विजेतेपदाचा पट्टा कायमचा घरी घेऊन गेला. द्यायला बक्षीसच उरलं नाही, म्हणून १८७१ मध्ये स्पर्धाच झाली नाही. १८७२ मध्ये नवा चषक ठरला आणि त्यावर पहिलं नाव पुन्हा त्याचंच पडलं. १८७५ च्या नाताळच्या दिवशी, बाळंतपणात बायको गेल्यावर चार महिन्यांच्या आत, तो वारला. वय २४.

हे धंदेवाईक खेळाडू बहुतेक कॅडी म्हणजे काठ्यांची पिशवी उचलणारे, चेंडू करणारे, मैदान राखणारे. क्लबांचे सभासद त्यांच्यावर पैजा लावत. पण क्लबाच्या इमारतीत त्यांना जागा नसे. खेळात कसब एका वर्गाचं आणि मालकी दुसऱ्याची, ही फाळणी इथे पक्की झाली. तिला जोड मिळाली भिंतीची. लीथला १३ नियम लिहिणारं तेच मंडळ सार्वजनिक मैदानावरच्या गर्दीला कंटाळून १८३६ मध्ये मसलबराला गेलं, तिथेही गर्दी झाली तेव्हा १८९१ मध्ये म्यूरफील्डला गेलं. तिथे जमीन स्वतःची आणि प्रवेश आपल्या मर्जीचा. घोड्याला-कुत्र्याला चेंडू लागला तर काय, हा प्रश्नच मिटला.

मर्जीचा प्रवेश म्हणजे काय, ते पुढच्या शंभर वर्षांत दिसलं. सेंट अँड्र्यूजला बायकांनी १८६७ मध्ये आपला स्वतंत्र पटिंग (होलाजवळच्या हलक्या फटक्यांचा) क्लब काढला. त्यांच्या हिरवळीच्या चढउतारांमुळे तिला ‘हिमालयाज’ म्हणतात, आणि आज थोडके पैसे भरून तिथे कुणालाही खेळता येतं. पण रॉयल अँड एन्शंटने स्त्रियांना सभासद करून घ्यायला सप्टेंबर २०१४ उजाडला. म्यूरफील्डने २०१६ मध्ये तोच ठराव फेटाळला, ‘ओपन’चं यजमानपद हातचं जातंय असं दिसल्यावर २०१७ मध्ये मंजूर केला. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेत १९३४ पासून १९६१ पर्यंत फक्त गोऱ्यांनाच सभासद होता येईल असं कलम होतं.

यातला सर्वांत बोलका प्रसंग दक्षिण आफ्रिकेतला. दरबानचा सेवसंकर ‘पापवा’ सेवगुलाम हा भारतीय वंशाचा कॅडी, कुणाच्याही शिकवणीविना शिकलेला. काठी धरताना त्याचे हात उलटे. जो खाली असायला हवा तो वर. तज्ज्ञांनी नावं ठेवावीत अशा या पकडीने त्याने १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीनदा डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये त्याने घरच्या नाताल प्रांतातल्या ‘नाताल ओपन’मध्ये गोऱ्या खेळाडूंना हरवलं. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस सुरू होता. वर्णभेदाच्या कायद्याने त्याला क्लबाच्या इमारतीत पाऊल टाकता येत नव्हतं. गोरे खेळाडू आत छपराखाली, आणि विजेत्याला चषक दिला गेला बाहेर, भर पावसात. ते छायाचित्र जगभर गेलं. १९६५ मध्ये त्याने त्याच स्पर्धेत जगप्रसिद्ध गोरा खेळाडू गॅरी प्लेयर यालाही मागे टाकलं. त्यानंतर सरकारने त्याचं खेळणंच बंद केलं.

दमदम, नाशिक, चेंबूर

ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब भारतात आहे. आज जिथे कोलकात्याचा विमानतळ आहे, त्या दमदम भागात तो १८२९ मध्ये सुरू झाला. अमेरिकेतल्या यॉन्कर्सचा प्रसिद्ध सेंट अँड्र्यूज क्लब १८८८ चा, हे लक्षात घेतलं की कंपनी सरकारच्या स्कॉटिश नोकरांनी हा खेळ किती लवकर इथे आणला ते कळतं. मुंबईचा गोल्फ क्लब १८४२ चा. पण इथे खेळ आला तो गावकीची वहिवाट मागे ठेवून. छावणीची जमीन, साहेबाचा क्लब, आणि देशी माणूस फक्त पिशवी उचलायला. मुंबईत विलिंग्डन क्लब १९१८ च्या सुमारास भारतीय आणि युरोपीय दोघांनाही खुला म्हणून निघाला, तेव्हा ती मोठीच बातमी होती.

साहेब गेला तरी त्याची जमीन कुठे कुठे लोकांकडे परत आली. नाशिककरांना ‘गोल्फ क्लब’ म्हणजे काय, विचारा. सकाळी फेऱ्या मारणारे, क्रिकेटच्या सरावाला निघालेली पोरं, सभांना येणारी गर्दी असं सगळं ज्या मैदानावर चालतं, त्याचं अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ मध्ये कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणाऱ्या तरुणाचं. रणजी सामनेही तिथे होतात. बोलताना मात्र सगळे ‘गोल्फ क्लब मैदान’च म्हणतात. गोल्फ तिथून कधीच गेला, गाव मात्र मैदानावर आलं.

पिशवी उचलणाऱ्यांनीही मधल्या काळात आपली वाट काढली. दिल्लीचा अली शेर मूळचा कॅडी. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. त्याआधी १९६५ मध्ये ती जिंकली होती पी. जी. सेठी यांनी, पण ते हौशी खेळाडू. एस. एस. पी. चौरसिया याचे वडील कोलकात्याच्या त्याच जुन्या क्लबात मैदानाची निगा राखत. मुलाने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकली. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला आणि त्याच ऑलिंपिकमध्ये बंगळूरुच्या अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं, तेव्हा पहाटे उठून टीव्हीसमोर बसलेल्यांत गोल्फचा एकही नियम माहीत नसलेले लोकच जास्त होते.

आणि चेंबूर. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या भिंतीलगतच्या वस्तीत राहणाऱ्या कॅडींनी स्वतःचा गोल्फ काढला. बांधकामाची लोखंडी सळई वाकवून काठी, प्लास्टिकचा हलका चेंडू, आणि मैदान म्हणजे वस्तीतल्या गल्ल्या. मध्ये नळावरची रांग येते, दोरीवरचे कपडे येतात, कुणाचं दार उघडं असतं. चेंडू पत्र्यावर गेला तर काय, गटारात गेला तर काय, याचे नियम त्यांनीच ठरवले. परदेशी छायाचित्रकारांनी त्याला ‘स्लम गोल्फ’ म्हणून जगभर पोचवलं, त्यात नवलाईचा सूर होता. पण लीथच्या डॉक्टर रॅट्रेला तो खेळ लगेच ओळखू आला असता. म्यूरफील्डच्या भिंतीआडच्या खेळापेक्षा त्याच्या १३ नियमांना जवळचा आहे तो हाच.

आपल्या शहरांत गोल्फच्या मैदानांवर वाद होतो तो नेहमी दोन टोकांचा. एक म्हणतो, एवढी जमीन, एवढं पाणी मूठभरांसाठी कशाला. तिथे घरं बांधा. दुसरा म्हणतो, शहराचं उरलंसुरलं हिरवं फुफ्फुस आहे, हात लावू नका. सेंट अँड्र्यूजने शंभर वर्षांपूर्वीच तिसरा मार्ग काढला: जमीन नगराची, खेळ सोडतीने, आणि आठवड्यातला एक दिवस चालणाऱ्यांचा. आपल्याकडे बऱ्याच क्लबांत सोमवारी कॅडींना खेळू देतात. तेवढीच सवलत रविवारी सकाळी शेजारच्या शाळेला मिळाली, तर गवत काही झिजणार नाही. आणि नवं मैदान करायचं तर १८ होलांची दीडशे एकर कशाला हवीत? लीथला पाच होते, प्रेस्टविकला बारा. अठरा हा आकडा १७६४ साली कुणाला तरी चार होल तोकडे वाटले म्हणून आलेला आहे. एखाद्या महापालिकेच्या पडीक भूखंडावर तीन होल पाडले, दारात भाड्याच्या काठ्या ठेवल्या आणि भिंत बांधली नाही, तरी तो गोल्फच असेल. मूळच्या खेळाशी त्याचं नातं आजच्या बहुतेक क्लबांपेक्षा जवळचं असेल.